तख्ताचे वारस : दत्तकाचा प्रश्न

आज फ्रान्समधल्या ड्यूक, मार्की, काउंट या मानकऱ्यांची उतरंड सांगायची होती. ती पुढच्या आठवड्यावर ढकलतो, कारण सात रस्त्यावरच्या एका वाचक भगिनींनी मुद्द्यालाच हात घातला आहे. फ्रान्सचा राजा तिसरा हेन्री निपुत्रिक होता, मग १५८९ मध्ये तीन शतकांमागच्या नवव्या लुईपर्यंत नातं मोजत नावारच्या हेन्रीला गादी द्यायची वेळ का आली? त्याने वेळीच दत्तक का घेतला नाही?

मराठी माणसालाच सुचावा असा हा प्रश्न आहे. उत्तर एवढंच, की त्याला तो अधिकारच नव्हता. फ्रेंच कायदेपंडित म्हणत, राजमुकुट ही राजाची मिळकत नव्हे. तो हयातीपुरता वहिवाटदार. वारस ठरवायचा तो पुरुषवंशाच्या नियमाने. राजांनी हा नियम वाकवून पाहिला. १४२० मध्ये सहाव्या चार्ल्सने पोटच्या मुलाला डावलून इंग्लंडच्या पाचव्या हेन्रीला, म्हणजे जावयालाच, वारस नेमलं. तरी १४२९ मध्ये रँसला राज्याभिषेक झाला तो मुलाचाच. चौदाव्या लुईच्या डोळ्यांदेखत मुलगा, नातू, पणतू गेले. उरला एक लहानगा पणतू. तेव्हा १७१४ मध्ये त्याने आपल्या दोन अनौरस मुलांना वारसाहक्क दिला. तो वारल्यावर दोन वर्षांत, १७१७ मध्ये, तो हुकूम रद्द झाला. एवढा बलाढ्य राजा, पण वारसाच्या बाबतीत त्याचा शब्द चालला नाही.

आता आपल्या अक्कलकोटकडे या. १७०७ मध्ये मोगलांच्या कैदेतून सुटून येताना शाहू महाराजांना पारद गावी लोखंडे पाटलांनी अडवलं. लढाईत पाटील पडले. त्यांच्या पत्नीने लहान मुलाला महाराजांच्या ओटीत घातलं. महाराजांनी त्याचं नाव फत्तेसिंह ठेवलं, भोसले आडनाव दिलं आणि लेकासारखं वाढवलं. हेच अक्कलकोटच्या राजघराण्याचे मूळ पुरुष.

१७४९ मध्ये महाराज पुत्राविना गेले. फत्तेसिंह तेव्हा हयात होते, मोहिमा गाजवलेले सरदार होते. तरीही साताऱ्याची गादी मिळाली रामराजांना, कारण ताराबाईंनी त्यांना आपला नातू म्हणून पुढे केलं होतं. मायेने फत्तेसिंहांना दौलत दिली, पण छत्रपतींच्या गादीवर भोसल्यांचंच रक्त हवं होतं. पुढे रामराजांनीही दत्तक घेतला तो वावीच्या भोसल्यांमधूनच.

म्हणजे रक्त दोन्हीकडे पाहिलं जाई. फरक होता तो निवडीत. फ्रान्समध्ये वारस नियमाने आपोआप ठरे. आपल्याकडे भाऊबंदांतून कोणाला घ्यायचं हे राजा किंवा त्याची विधवा ठरवी. ही मोकळीक मला फार मोलाची वाटते, कारण तिच्यामुळे कितीतरी घराणी टिकली. पण निवड म्हटली की मंजुरी आली, आणि मंजुरी देणारा परका निघाला तर घात होतो. १८४८ मध्ये साताऱ्याच्या शहाजी महाराजांनी मृत्युशय्येवर घेतलेला दत्तक डलहौसीने मानला नाही आणि सातारा खालसा झालं. योगायोग असा, की त्याच वर्षी फ्रान्सचा शेवटचा राजा लुई फिलिपही पायउतार झाला. तिथे मात्र पॅरिसची जनता रस्त्यावर उतरली होती. ज्या फत्तेसिंहांना साताऱ्याची गादी मिळाली नाही, त्यांची अक्कलकोटची गादी मात्र पुढे आणखी शंभर वर्षं, १९४८ च्या विलीनीकरणापर्यंत चालली.

फत्तेसिंहांची फ्रेंचांशी गाठ पडली तो किस्सा अजून राहिलाच आहे. १७४० च्या कर्नाटक स्वारीत ते नागपूरकर रघूजी भोसल्यांबरोबर होते. मराठ्यांशी लढणाऱ्या चंदासाहेबाच्या कुटुंबाने फ्रेंचांच्या पाँडिचेरीत आसरा घेतला. तिथला गव्हर्नर द्युमा त्यांना स्वाधीन करेना. या फ्रेंच अधिकाऱ्याला मोगल दरबाराने पुढे नबाबी बहाल केली! ड्यूक आणि काउंटांकडे पुढच्या आठवड्यात जाऊ, ते या द्युमालाच वाटाड्या करून.