पितळी तपेल्यातलं दूध

कलकत्त्याच्या डॉ. सेन यांनी १८८७ साली ‘इंडियन मेडिकल गॅझेट’मध्ये लहान मुलांच्या यकृताच्या एका आजाराची नोंद केली. पुढची जवळपास शंभर वर्षं या आजाराने देशभरातल्या बालरोगतज्ज्ञांना हात टेकायला लावले. पुस्तकात त्याचं नाव ‘इंडियन चाइल्डहुड सिऱ्हॉसिस’ असं पडलं. घराघरांत मात्र ‘पोराचं लिव्हर वाढलंय’ एवढंच म्हणत, आणि ते म्हणताना आवाज खाली येत असे.

मूल साधारण एक ते तीन वर्षांचं. मुलींपेक्षा मुलगे जास्त. आधी नुसती किरकिर, भूक मंदावलेली, मधूनच कणकण. मग पोट पुढे यायचं. डॉक्टर उजव्या बरगडीखाली बोटं ठेवून वर सरकवायचे आणि यकृताची कड लागायची. ती टणक आणि पानाच्या कडेसारखी धारदार. मुरलेल्या डॉक्टरांना तेवढ्यावर निदान होई. पुढे कावीळ, पोटात पाणी, आणि काही महिन्यांत सगळं संपलेलं. त्याच घरातलं पाठचं भावंडही त्याच वाटेने जायचं, म्हणून लोक कुळाला, शापाला, पत्रिकेला बोल लावत.

डॉक्टरांनी तरी वेगळं काय केलं? कुणी विषाणूवर संशय घेतला, कुणी कुपोषणावर, कुणी आनुवंशिकतेवर. १९७१च्या सुमारास म्हैसूरच्या संशोधकांनी बुरशी लागलेल्या शेंगदाण्यातल्या अफ्लाटॉक्सिनकडे बोट दाखवलं, आणि ती शंका काही उगीच नव्हती. कुपोषणाचं मात्र गणित बसत नव्हतं, कारण हा रोग उपाशी घरांपेक्षा खात्यापित्या, दूधदुभतं असलेल्या घरांत जास्त दिसे. आईबाप मद्रासच्या जम्मी वेंकटरमणय्यांचं ‘लिव्हर क्यूअर’ मागवत. मुलांच्या यकृतावरचं औषध म्हणून त्याचा लौकिक मोठा होता.

धागा सापडला तो एका रंगामुळे. दगडफुलाच्या जातकुळीतून मिळणारा ऑर्सिन नावाचा रंग प्रयोगशाळांत वापरतात. १९७८ साली लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलच्या मंडळींनी या मुलांच्या यकृताचे काप त्यात बुडवले, तर पेशींमध्ये गडद तपकिरी कण दिसू लागले. ते तांब्याशी बांधलेल्या प्रथिनाचे होते. पुढच्याच वर्षी ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या निबंधात प्रत्यक्ष मोजमाप होतं आणि लेखकांच्या यादीत पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. आनंद पंडित होते. निरोगी यकृताच्या एक ग्रॅम वाळलेल्या ऊतीत तांबं ५० मायक्रोग्रॅमच्या आत असतं. या मुलांत ते आठशेच्याही वर जाई. तांबं साठवणारा विल्सनचा आजार डॉक्टरांना ठाऊक होता, पण तो इतक्या तान्ह्या वयात दिसत नाही आणि त्यातल्या रक्ताच्या खुणाही इथे जुळत नव्हत्या.

मग हे तांबं आलं कुठून? इथून पुढची गोष्ट पुण्याच्या रास्ता पेठेतली, म्हणजे केईएम रुग्णालयातली. डॉ. पंडित, डॉ. शीला भावे आणि ब्रिटनहून येणारे डॉ. स्टुअर्ट टॅनर यांनी आयांना साधे प्रश्न विचारले. बाळाला वरचं दूध कधी सुरू केलं? ते तापवता कशात, आणि मग ठेवता कशात?

उत्तर प्रत्येक जुन्या स्वयंपाकघरात होतं. सकाळी गाईचं किंवा म्हशीचं दूध यायचं, बाळासाठी त्यात पाणी घालून ते पितळी तपेल्यात तापवायचं, त्याच तपेल्यात झाकून ठेवायचं, पुन्हा कोमट करून वाटी-चमच्याने पाजायचं. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. बिनकल्हईच्या पितळेत ताक किंवा चिंचेची आमटी कळकते हे आपल्या आज्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यासाठीच तर कल्हईवाला दारात भाता मांडून बसे, तापल्या भांड्यात नवसागर टाके आणि कापसाच्या बोळ्याने कथील फिरवी. आंबटाच्या भांड्यांची काळजी होती. दुधाची नव्हती, कारण दूध कळकत नाही. चव बदलत नाही, रंग बदलत नाही. पण दुधातलं केसिन हे प्रथिन तांबं ओढून घेतं आणि धरून ठेवतं. नुसतं पाणी त्या मानाने फार कमी घेतं. शरीराला नको असलेलं तांबं बाहेर पडतं ते पित्तातून, आणि तान्ह्या मुलाची ही वाट अजून पुरती मोकळी झालेली नसते. शिवाय जन्मतःच बाळाच्या यकृतात तांब्याचा साठा मोठ्या माणसापेक्षा जास्त असतो. त्यात दिवसातून चार-पाच वेळा हे दूध.

१९८३ साली हा संशय ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. १९८७ साली आजारी आणि निरोगी मुलांच्या जोड्या लावून त्यांच्या आहाराची तुलना झाली आणि संशय बळावला. त्याच वर्षी पेनिसिलामाइन या औषधाच्या चाचण्यांचे निष्कर्षही आले. हे औषध तांब्याला पकडून लघवीवाटे बाहेर काढतं. रोग फार पुढे गेलेला असेल तर त्याचा उपयोग होत नसे, पण वेळेत सुरू केलं तर मुलं जगू लागली. मला सगळ्यात विलक्षण वाटते ती पुढची नोंद. यातल्या काही मुलांचं यकृत जवळजवळ पूर्ववत झालं, औषध थांबवलं तरी रोग परतला नाही. विल्सनच्या रुग्णाला ही मुभा नसते, त्याला औषध जन्मभर घ्यावं लागतं.

आणि मग रोगच ओसरला. नव्वदीच्या दशकात पुण्याच्या वॉर्डांत या मुलांची संख्या झपाट्याने घटली. श्रेय कुणाचं? पितळ टाळा, अंगावरचं दूध जास्त दिवस पाजा, हे डॉक्टरांचं सांगणं होतंच. पण माझ्या मते मोठा वाटा स्टेनलेस स्टीलचा. जुन्या साड्या-धोतरांच्या बदल्यात स्टीलचं पातेलं देणाऱ्या बोहारणीने नकळत किती यकृतं वाचवली असतील, याचा हिशेब कुणी मांडणार नाही. कल्हईवाल्याचा धंदा बसला तो याच काळात.

सगळ्यांनाच हे पटलं असं नाही. पितळेचा संबंध नसलेली मुलंही आम्ही पाहिली, असं काही डॉक्टरांनी लिहिलं आहे. तेच दूध प्यायलेली असंख्य मुलं ठणठणीत राहिली, ती का, हा प्रश्नही उरतोच. बहुधा जन्मतःची काही उणीव आणि पितळी भांडं, दोन्ही जुळून यावं लागत असावं. ऑस्ट्रियातल्या टायरोल भागात तसंच घडलेलं दिसतं. तिथे १९०० ते १९७४ या काळात १३८ मुलं अशाच आजाराने गेली. पाणी घातलेलं गाईचं दूध, तांब्या-पितळेची भांडी, आणि आईबाप दोघांकडून आलेला दोष. तिथला निबंध १९९६ साली छापून आला, तोवर रोग नाहीसा होऊन दोन दशकं लोटली होती. पुण्यात प्रश्न विचारले गेले तेव्हा मुलं वॉर्डात होती.

आजच्या शिकाऊ डॉक्टरांना यकृताची ती धारदार कड हाताला लागण्याचा प्रसंग क्वचितच येतो. बालयकृताच्या ओपीडीत आता चिंता असते ती पित्तनलिका जन्मतः बंद असण्याची, म्हणजे बायलरी अट्रेझियाची. जपानच्या मोरिओ कासाई यांनी १९५९ साली मांडलेली शस्त्रक्रिया दोन महिन्यांच्या आत झाली तर यशाची शक्यता बरी. उशीर झाला तर बहुधा यकृत प्रत्यारोपण, जे भारतात लहान मुलावर पहिल्यांदा यशस्वी झालं ते १९९८ साली दिल्लीत. मुलं अजूनही उशिराच येतात, कारण तान्ह्याची कावीळ कोवळ्या उन्हाने जाईल म्हणून घरचे थांबतात. आता आयांना विचारायचा पहिला प्रश्न भांड्याचा नाही. कावीळ दोन आठवड्यांच्या पुढे गेली का, आणि शी पिवळी होते की पांढुरकी, हे विचारतात.