जीपवाल्या महिंद्राची विजेवरची गाडी

एसटीच्या चालकाच्या जागेवर माझं आयुष्य गेलं. त्याआधी तरुणपणी मेहकर-लोणार रस्त्यावर मी महिंद्राची काळीपिवळी कमांडर चालवली. आता पुण्याहून मुलगा आणि सूनबाई विचारतात, "बाबा, महिंद्राची एक्सईव्ही नाईन-एस घेऊ का?" कुटुंबात आम्ही दोघं, ते दोघं, दोन नातवंडं आणि माझी म्हातारी आई. सात आसनांची ही विजेवरची गाडी नोव्हेंबर २०२५ मध्ये आली, तेव्हा किंमत १९ लाख ९५ हजारांपासून पुढे होती. एवढा पैसा म्हणजे गंमत नाही. म्हणून मी गाडी नीट बसून, चालवून पाहिली.

आमच्या बुलढाणा जिल्ह्यात महिंद्रा म्हटलं की धुळीनं माखलेली जीप आणि ट्रॅक्टरच डोळ्यांपुढे येतो. ही कंपनी १९४५ मध्ये लुधियानात 'महिंद्रा अँड मोहम्मद' या नावानं पोलादाच्या व्यापारासाठी निघाली. फाळणीनंतर भागीदार गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि इकडे १९४८ मध्ये नाव 'महिंद्रा अँड महिंद्रा' झालं. १९४७ पासून मुंबईत विलीज जीपची जुळणी, १९६३ मध्ये ट्रॅक्टरचा उद्योग, २००० मध्ये बोलेरो, २००२ मध्ये स्कॉर्पिओ. विजेतही कंपनी नवखी नाही. २०१० मध्ये तिनं बंगळुरूची रेवा ही विजेच्या गाड्यांची कंपनी घेतली. पण त्या चिमुकल्या गाड्या शहरापुरत्याच राहिल्या.

आता चाकणला तयार होणाऱ्या विजेच्या गाड्यांचा तोंडवळाच निराळा आहे. आमच्या अंगणातल्या ट्रॅक्टरवर जुनं चिन्ह आहे, २०२१ पासून कंपनीच्या एसयूव्हींवर दोन शिखरांचं चिन्ह आलं आणि या एक्सईव्हीवर अनंताच्या आकाराचं, उजळणारं तिसरंच चिन्ह आहे. विजेच्या गाड्यांच्या नावांत अक्षरं आणि आकडे. त्यातल्या 'बीई सिक्स-ई' या नावावरून इंडिगो विमान कंपनीनं न्यायालय गाठलं आणि २०२४ च्या डिसेंबरात ते 'बीई सिक्स' करावं लागलं. वीस लाख मोजणाऱ्या गिऱ्हाइकाला गाडी नवीन दिसावी, हे मला पटतं. पण आमच्याकडे या कंपनीवर जीव जडला तो चिन्हामुळे नाही. कमांडर कुठेही बंद पडली तरी लोणारचा मिस्त्री पान्हे घेऊन यायचा आणि दिवस मावळायच्या आत ती रस्त्यावर लागायची. नव्या गाडीतही मी तोच भरवसा शोधतो.

गाडी चालवायला सुरेख आहे. गिअर नाही, घरघर नाही, पाय ठेवताच ओढ घेते. सातही जण बसले की मागे सामानाला जागा थोडीच उरते. पुढे बोनेटखाली दीडशे लिटरचा कप्पा आहे, तेवढा आधार. बॅटरी तळाशी असल्यानं फरशी उंच येते आणि तिसऱ्या रांगेत मोठ्या माणसाचे गुडघे वर होतात. तिथे नातवंडंच बसवावीत.

सगळ्यात मोठ्या, ७९ युनिटांच्या बॅटरीवर चाचणीत ६७९ किलोमीटर मिळाले. रोजच्या वापरात पाचशे मिळतील, असं कंपनी स्वतःच सांगते. समृद्धी महामार्गावर १२० चा वेग धरला तर त्याहून कमी धरा. वेग ८० वरून १२० केला की हवेचा विरोध सव्वादोनपट होतो, आणि बॅटरी तिथेच लवकर उतरते. पुणे-मेहकर चारशेच्या आतबाहेर. शंभरच्या आत चालवलं तर एका दमात होईल, तरी वाटेत चहाला थांबून थोडी वीज भरून घेतलेली बरी.

घाटाचा हिशेब मला फार आवडला. बुलढाण्याहून राजूर घाट उतरून मलकापूरला जाताना एसटीचा ब्रेक किती तापतो, हे मी पायानं जाणतो. विजेच्या गाडीत पाय उचलला की मोटरच जनित्र होते आणि उतरणीची ताकद बॅटरीत परत भरते. सव्वादोन टनांची गाडी साडेतीनशे मीटर उतरते तेव्हा दोन युनिटांइतकी ऊर्जा मोकळी होते; त्यातली निम्मी परत मिळाली तरी सहा किलोमीटरची सोय. चढताना मात्र तेवढी द्यावी लागतेच. बॅटरी लिथियम-आयर्न-फॉस्फेटची आहे. हे रसायन उष्णता त्यातल्या त्यात चांगली सोसतं, आणि मलकापूर-खामगावचा मे महिना पाहता ते महत्त्वाचं आहे.

खरी अडचण घरच्या विजेची. साध्या पंधरा अँपियरच्या प्लगवर ५९ युनिटांची बॅटरी भरायला वीस तास लागतात. ७.२ किलोवॉटचा चार्जर बसवला तर नऊ तासांत काम होतं, म्हणजे रात्रभरात. पण त्यासाठी महावितरणकडून मंजूर भार वाढवून घ्यावा लागतो, अर्थिंग चोख लागतं. कृषिपंपाच्या जोडणीवर गाडी लावू नका. ती सवलतीची वीज पंपासाठी आहे. घरगुती बिल वरच्या टप्प्यात गेलं की बचत आटते, म्हणून छतावर सौर पॅनेल असणाऱ्यालाच गाडी खरी परवडते. तीन किलोवॉटच्या संचाला पीएम सूर्यघर योजनेत ७८ हजारांचं अनुदान आहे आणि रोजची बारा युनिटं म्हणजे सत्तर किलोमीटर.

कंपनी पहिल्या खासगी मालकाला बॅटरीची आजीवन हमी देते. गाडी विकली की दुसऱ्या मालकाला ती दहा वर्षं किंवा दोन लाख किलोमीटरपर्यंतच. हमी चांगली आहे, पण बिघाड झाल्यावर गाडी ओढत कुठवर न्यायची, याचं उत्तर त्या कागदावर नसतं. आमच्या लोणारच्या मिस्त्रीला ही बॅटरी उघडता येणार नाही, उघडूही नये. त्यात माणूस मारणारा विद्युतदाब असतो. म्हणून कंपनीनं मेहकर, चिखली, खामगावच्या आयटीआयतली पोरं घेऊन त्यांना हे काम शिकवावं. जीपनं या जिल्ह्यात मिस्त्रींची एक पिढी पोसली, विजेच्या गाडीनं पुढची पोसावी.

मुलाला मी हो म्हटलं आहे, दोन अटींवर: आधी छतावर सौर संच, मग गाडी, आणि विजेच्या गाडीचं काम करणारं सर्वात जवळचं केंद्र कुठे आहे ते विक्रेत्याकडून लेखी घ्यायचं. तुम्हीही बुकिंगची रक्कम भरण्याआधी हा कागद मागा.