सोळा गुणांची निर्भय आजी

आज तोल सावरण्याचे व्यायाम सांगणार होतो. ते पुढच्या रविवारी. मध्येच धारूरहून एका वाचकांनी विचारलं, "तुमच्या प्रश्नावलीत आमच्या आईला १६ गुण पडले. म्हणजे पडण्याची भीती सगळ्यांत कमी. मग ती दिवाळीपासून ओसरी का उतरली नाही?"

प्रश्न इतका नेमका, की आजचा भाग त्यालाच.

मागच्या वेळची ती प्रश्नावली २००५ साली युरोपातल्या संशोधकांनी बांधली. रोजची सोळा कामं, प्रत्येकाला १ ते ४ गुण. मूळ कल्पना मेरी टिनेटी यांची, १९९० सालची. "भीती वाटते का?" असं त्यांनी सरळ विचारलंच नाही, "न पडता हे काम जमेल, याचा भरवसा किती?" असं विचारलं. शहाणपणाचं केलं. आपल्याकडे सरळ विचारलं तर "मला कशाची आलीय भीती!" हेच ऐकू येतं.

वाचकांना म्हटलं, आईंना फोन द्या. दुकानात जाताना काळजी वाटते? "लेकरं आणत्यात की." जिना चढताना? "माळवदावर आता जातं कोण!" झालं, दोन्हीकडे एकेक गुण. प्रश्नावलीच्या सूचनेत मात्र स्पष्ट म्हटलंय, की एखादं काम हल्ली करत नसाल, तर केलं असतं तर किती काळजी वाटली असती ते सांगा. घाईत नेमकी हीच ओळ गळते. म्हणून पुन्हा विचारलं, समजा कुरडया वाळत घालायला आजच वर जायचंय आणि घरात कुणी नाही. आजी थोडं थांबल्या. "न्हाई बाबा. शिडीवर पाय धरतच न्हाई." हे ४ गुण!

१९९८ साली मार्जी लाकमन आणि सहकाऱ्यांनी जी मोजपट्टी केली, ती मला इथे अधिक भावते. काम करता का, काळजी वाटते का, आणि पाच वर्षांपूर्वीपेक्षा कमी करता का, असं ती विचारते. माझं मत विचाराल तर बीडमध्ये शेवटचा प्रश्न सगळ्यांत आधी विचारावा.

उलटी बाजूही आहेच. लेक-सून कोयता घेऊन कारखान्याला गेले, की मागे नातवंडं आणि आजी. हापशावरून कळशी तीच आणते. भीती असते, पण काम सोडायची सोय नसते. तिचे गुण भरपूर येतील, तरी ओसरीवर बसलेल्या धारूरच्या आजींपेक्षा तिचे पाय बळकट असू शकतात. सिडनीत ५०० वृद्धांची २०१० मध्ये छापलेली पाहणी हेच सांगते: जवळजवळ एक तृतीयांश लोकांची भीती आणि पडण्याचा खरा धोका यांचा मेळ नव्हता.

तेव्हा व्यायामाआधी एवढं करा. घरातल्या म्हाताऱ्या माणसाने गेल्या पाडव्यापासून कोणकोणती कामं सोडली, ते त्यांच्याजवळ बसून लिहून काढा. पुढच्या रविवारी तो कागद हाताशी लागेल.