मेमरी कुणी खाल्ली?

मंडळी, होस्ट म्हणतो, व्हर्च्युअल मशीननं ८ जीबी खाल्ले. आत पाहावं तर ५ जीबी मोकळे! खोटं कोण बोलतंय? कुणीच नाही. बघणारा कुठं उभा आहे, एवढाच फरक. (आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांचा जुना धंदा!) आतलं लिनक्स पडून असलेल्या मेमरीत फायलींची कॅशे ठेवतं आणि तिला 'उपलब्ध' म्हणतं. होस्टला दिसतं ते इतकंच, की या जागेला एकदा हात लागलाय. आतून सोडलेली जागा त्याला एरवी आपोआप मिळत नाही. बलून ड्रायव्हरकरवी मागून घ्यावी लागते.

तेव्हा आत 'फ्री' ही कमांड चालवा, 'अव्हेलेबल' रकाना बघा. भरपूर असेल, तर मशीनला नेमून दिलेली मेमरी कमी करा. तोच रोज आटत असेल, तर गळती आतल्या एखाद्या प्रोग्रामात. आणि चालढकल नको. होस्टची मेमरी संपली की कर्नल बहुधा सर्वांत खादाड प्रोसेस मारतो. ती सहसा तुमचं व्हर्च्युअल मशीनच असते.