हवामान धोरण आणि उद्योगांची निवेदने

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेच्या महापुराने सांगली शहर व नदीकाठची गावे जलमय झाली. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत सातारा जिल्ह्यातील पाटण तालुक्यात दरडी कोसळून जीवितहानी झाली. याच दोन जिल्ह्यांतील माण, खटाव, जत, आटपाडी हे तालुके मात्र अवर्षणप्रवण आहेत. साहजिकच हवामानविषयक धोरण हा येथील जनतेच्या जिव्हाळ्याचा विषय होय. ते ठरत असताना शासनाकडे कोण काय मागतो, हे जनतेस ज्ञात असणे अगत्याचे आहे.

इथेनॉलचे उदाहरण

पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे २०३० चे उद्दिष्ट केंद्र शासनाने २०२२ मध्ये अलीकडे, २०२५-२६ वर आणले. ७ डिसेंबर २०२३ रोजी उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यास मनाई झाली. साखर उद्योगाने मागणी करताच आठवडाभरात ती अंशतः शिथिल झाली व ऑगस्ट २०२४ मध्ये पुढील हंगामासाठी उठली. आपली अडचण शासनापुढे मांडणे हा उद्योगांचा हक्कच आहे. परंतु अशा निर्णयाशी ऊस उत्पादकांची देणी जशी निगडित असतात, तसाच सिंचनाच्या पाण्याचा प्रश्नही. मागणी उघड असेल, तरच दोन्ही बाजूंचा विचार होऊ शकतो.

नियम काय सांगतो ?

'सेबी'ने २०२१ मध्ये कंपन्यांच्या सामाजिक व पर्यावरणीय उत्तरदायित्वाच्या अहवालाचा नवा नमुना ठरविला. शेअर बाजारात नोंदलेल्या, बाजारमूल्याने पहिल्या १,००० कंपन्यांस तो २०२२-२३ पासून बंधनकारक आहे. त्यातील सातवे तत्त्व धोरणावर प्रभाव पाडण्याच्या प्रयत्नांविषयी आहे. कंपनी कोणत्या प्रमुख उद्योगसंघटनांची सदस्य आहे, हे सांगणे अनिवार्य आहे. कोणत्या धोरणाचा, कोणत्या मार्गाने पाठपुरावा केला, हे सांगणे मात्र ऐच्छिक. म्हणजे संघटनेचे नाव कळते. तिची मागणी कळेलच असे नाही. सहकारी साखर कारखाने तर शेअर बाजारात नोंदलेले नसल्याने या नियमाच्या कक्षेबाहेरच राहतात.

आपण काय करू शकतो ?

माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या अधिनियमातील कलम ४ अन्वये, महत्त्वाची धोरणे आखताना संबंधित वस्तुस्थिती स्वतःहून प्रसिद्ध करणे हे शासकीय कार्यालयांचे कर्तव्य आहे. कारखान्याच्या सभासदास वार्षिक सर्वसाधारण सभेत विचारता येईल : पाणी, वीज व इथेनॉल यांसंबंधी आपल्या वतीने शासनास कोणती निवेदने दिली गेली ? पंचायत सदस्यांनी व शिक्षकांनी हा प्रश्न विचारण्याची सवय गावात रुजविली, तर निवेदनांमागील हेतू स्पष्ट होतील आणि धोरणावरील लोकांचा विश्वासही दृढ होईल.