घोड्याची चाल मोबाइलच्या स्लो मोशनमध्ये कशी तपासायची?

स्लो मोशन म्हटलं की आपल्याला लग्नातल्या रील्स आठवतात. पण सातारा-सांगलीच्या दुष्काळी पट्ट्यात या फीचरचा त्याहून मोठा उपयोग आहे. माण, फलटण, आटपाडी, जत या भागांतले कितीतरी मेंढपाळ पावसाळा सरला की मेंढरं घेऊन बाहेर पडतात, तेव्हा भांडीकुंडी, अंथरूण-पांघरूण, कोंबड्या, नुकतीच जन्मलेली कोकरं, सगळा संसार घोड्याच्या पाठीवर असतो. राज्यगीतात ज्यांचं नाव येतं ती भीमथडी तट्टं हेच काम करत आली आहेत. वाटेत घोडं लंगडलं की अख्खा वाडा अडतो. आणि बाजारात मात्र तेच घोडं दहा मिनिटांत बघून घ्यायचं असतं.

दहा मिनिटं पुरतात, पण नुसत्या डोळ्यांनी नाही. दुडक्या चालीत घोड्याचं एक पूर्ण आवर्तन साधारण पाऊण सेकंदात होतं. साध्या व्हिडिओत सेकंदाला ३० फ्रेम असतात, म्हणजे त्या आवर्तनाच्या वीस-बावीस. स्लो मोशनमध्ये सेकंदाला २४० फ्रेम मिळाल्या तर तेच आवर्तन १७० च्या आसपास फ्रेममध्ये पसरतं. १८७८ साली अमेरिकेत एडवर्ड मायब्रिजने धावपट्टीच्या कडेला १२ कॅमेरे ओळीने लावून पळत्या घोडीचे फोटो काढले. चारही पाय एकाच वेळी हवेत असतात हे त्यात दिसलं. मात्र चित्रकार दाखवत तसे पुढे-मागे ताणलेले नाही, तर पोटाखाली गोळा झालेले. तेव्हा १२ कॅमेरे लागले, आज खिशातला एक फोन पुरतो.

आता चाली बघू. कदम चालीत चार पाय वेगवेगळे पडतात, चार ठोके ऐकू येतात. दुडकीत कर्णरेषेतले दोन पाय जोडीने पडतात, म्हणजे पुढचा डावा आणि मागचा उजवा. दोनच ठोके. हलक्या दौडीत तीन, आणि चौखूर भरधाव सुटलं की पुन्हा चार. रेवाल चाल यांहून निराळी. तिच्यात एका बाजूचे मागचे-पुढचे पाय जवळजवळ लागोपाठ पडतात, त्यामुळे स्वाराला हिसका बसत नाही. अशा चालींच्या मुळाशी असलेला डीएमआरटी३ या जनुकातला बदल स्वीडनच्या संशोधकांनी २०१२ साली शोधला. जत्रेत रेवाल घोड्याला भाव चढतो तो शौकिनांमुळे. ओझ्यासाठी घोडं घेणाऱ्याने त्यासाठी जादा पैसे का मोजावेत, हे मला तरी कळत नाही.

तपासायची ती दुडकीच. कदमात पायावर भार कमी येतो, दुखणं झाकून जातं. दौडीत डाव्या-उजव्या पायांचं काम मुळातच वेगळं असतं, तुलना करता येत नाही. दुडकीत दोन्ही बाजू सारख्या हलायला हव्यात. हलल्या नाहीत तर काहीतरी दुखतंय.

इथे बरेचजण उलटं वाचतात. घोडं मान खाली टाकतं तोच पाय दुखरा, असं समजतात. प्रत्यक्षात पुढचा दुखरा पाय जमिनीला टेकताना घोडं मान वर उचलतं, म्हणजे त्या पायावरचा भार हलका होतो, आणि चांगला पाय टेकताना मान खाली येते. मागच्या पायांसाठी मी दोन्ही पुठ्ठ्यांच्या हाडांवर पांढऱ्या चिकटपट्टीचा एकेक तुकडा लावतो आणि मागून व्हिडिओ घेतो. जो तुकडा जास्त वर-खाली होतो त्या बाजूला संशय.

शूटिंग करताना जमीन सपाट आणि कडक हवी. घोडं वीस-पंचवीस मीटर सरळ पळवायचं: एकदा आपल्याकडे येताना, एकदा जाताना, एकदा बाजूने. दोरी ढिली ठेवायला सांगा. आखूड धरली की मानेची हालचाल दबते, आणि विकणाऱ्याला हे चांगलं ठाऊक असतं. दुखणं थांबवणारं इंजेक्शन दिलं असेल तर कॅमेराही फसतो, म्हणून जमल्यास दुसऱ्या दिवशी पुन्हा बघा. व्हिडिओ दिवसाउजेडी घ्या. विजेचा दिवा सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होतो, स्लो मोशनमध्ये चित्र लुकलुकतं.

पायाची ठेवण मात्र घोडं उभं करूनच बघावी. गवंड्याचा ओळंबा घ्या, नाहीतर कॅमेऱ्याची ग्रिड चालू करा. समोरून खांद्याच्या टोकापासून सोडलेली रेघ गुडघा, घोटा आणि खूर यांच्या बरोबर मधून गेली पाहिजे. (घोड्याचा पुढचा गुडघा म्हणजे खरं तर आपलं मनगट, आणि खूर म्हणजे मधल्या बोटाचं नख. एका बोटावर एवढं धूड उभं असतं!) खुराचं टोक आत वळलेलं असेल तर चालताना पाय बाहेरून फेकला जातो. दिसायला वाईट, पण ओझ्याच्या घोड्यात थोडंफार चालतं. टोक बाहेर वळलेलं असेल तर पाय आतून फिरतो आणि दुसऱ्या पायाला लागतो. घोट्याच्या आतल्या बाजूला केस गेलेले किंवा जुने व्रण दिसले तर मी ते घोडं घेणार नाही. दुडकीत टक-टक असा जादा आवाज आला तर मागचा खूर पुढच्याला लागतोय. कधी ते नुसत्या वाढलेल्या खुरामुळे असतं आणि नालबंदाकडे सुटतं.

वाकडे पाय खूर तासून सरळ करून देतो म्हणणाऱ्यापासून मात्र जपा. मोठ्या घोड्याचं हाड वळत नाही, भार फक्त चुकीच्या सांध्यावर जातो. शिंगराच्या घोट्याजवळच्या हाडाची वाढ पहिल्या तीनेक महिन्यांतच जवळपास थांबते, त्यामुळे जे काही करायचं ते त्याआधी, आणि डॉक्टरांना दाखवूनच.

साताऱ्यात शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तालुक्याला सरकारी दवाखाने आहेत. डॉक्टरांना व्हिडिओ व्हॉट्सॲपवर पाठवायचा असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. साधा पाठवला की ॲप तो दाबून लहान करतं, आणि नेमका खुराजवळचा भाग धूसर होतो.