मोगलाईच्या वेशीवरचे सैनिक

अहिल्यानगर जिल्ह्याच्या जामखेड तालुक्यातील खर्डा म्हटले की ११ मार्च १७९५ ही तारीख आठवते. सवाई माधवराव पेशवे, नाना फडणवीस, परशुरामभाऊ पटवर्धन, दौलतराव शिंदे, नागपूरकर भोसले एका बाजूला. निजाम अली खान दुसऱ्या बाजूला. निजामाने पळ काढून खर्ड्याच्या भुईकोटात आसरा घेतला आणि शेवटी मोठी खंडणी व मुलूख देऊन सुटका करून घेतली. तो कोटही निजामाच्याच पदरच्या निंबाळकरांचा. मराठी घराण्याने बांधलेला, निजामाच्या मुलखातला किल्ला! या भागात निष्ठांच्या रेषा कधी सरळ नव्हत्या.

दीडशे वर्षांनी याच पट्ट्यात निजामाविरुद्ध दुसरा लढा उभा राहिला. त्यात सरदार नव्हते. लढणारे बहुतेक निजामाचेच प्रजाजन होते: शेतकरी, मास्तर, वकील, शाळा सोडून आलेली पोरे.

एकोणिसाव्या शतकात इंग्रजांचा अंमल आला, तेव्हा खर्डा-जामखेड नगर जिल्ह्यात गेले. आष्टी, पाटोदा, भूम मात्र हैदराबाद संस्थानात, लोकांच्या भाषेत मोगलाईत राहिले. दोन्हीकडची गावे एकमेकांत इतकी घुसलेली की सोयरीक एका राज्यात आणि शेत दुसऱ्या राज्यात, अशी अवस्था. इकडे कलदार रुपया, तिकडे हाली. मधल्या वाटांवर करोडगिरीचे नाके, म्हणजे निजामाची जकात. १५ ऑगस्ट १९४७ रोजी खर्डा स्वतंत्र झाला. पुढच्या शिवारातला मोगलाईचा माणूस झाला नाही, कारण हैदराबाद संस्थान भारतात सामील झाले नव्हते.

हैदराबाद स्टेट काँग्रेसचे अध्यक्ष स्वामी रामानंद तीर्थ यांनी ७ ऑगस्टलाच भारतात सामील होण्याच्या मागणीचा दिवस पाळायला लावला होता. १५ ऑगस्टला ते तुरुंगात गेले. बाहेर राहिलेल्यांनी दिगंबरराव बिंदू यांच्या नेतृत्वाखाली कृती समिती नेमली. लढ्याची केंद्रे, म्हणजे कॅम्प, संस्थानाबाहेर, भारतीय हद्दीत थाटली गेली: मनमाड, सोलापूर, उमरखेड, चांदा, गदग, विजयवाडा. सोलापूरच्या केंद्रामागे गोविंदभाई श्रॉफ होते. उस्मानाबादच्या बाजूला फुलचंद गांधींनी माणसे जमवली. चांद्याच्या कॅम्पवर पी. व्ही. नरसिंह राव नावाचा तरुण होता. पुढे तो देशाचा पंतप्रधान झाला.

कॅम्पचे काम भाषणांचे नव्हते. रात्री सरहद्द ओलांडायची, करोडगिरीचा नाका जाळायचा, तारा तोडायच्या, सरकारी लेव्हीचे धान्य अडवायचे, निजामाला महसूल देणारी शिंदीची झाडे तोडायची आणि उजाडायच्या आत परत यायचे. शस्त्रे थोडी, तीही बहुधा ठासणीची. समोर निजामाचे पोलीस आणि कासिम रझवीचे रझाकार, म्हणजे निजामाच्या बाजूने लढणारे सशस्त्र स्वयंसेवक. हा रझवी लातूरला वकिली करणारा, म्हणजे तोही याच मराठवाड्यात वाढलेल्या राजकारणाचा माणूस. गावे जाळली जाऊ लागली तशी कुटुंबेच्या कुटुंबे इकडच्या हद्दीत आली. त्यांची राहण्याखाण्याची सोय लावणे हाही कॅम्पचा मोठा उद्योग झाला.

नोव्हेंबर १९४७ अखेर भारत सरकारने निजामाशी वर्षभराचा जैसे थे करार केला. दिल्लीचे हात बांधले गेले तरी सरहद्दीवरचे थांबले नाहीत. ३० जानेवारी १९४८ रोजी नांदेड भागातल्या उमरीची बँक स्वातंत्र्यसैनिकांनी लुटली. हाती आलेले लाखो रुपये लढ्यासाठी वापरले आणि त्याचा हिशेबही ठेवला. याच लढ्यात आजेगावला बहिर्जी शिंदे पडले. धोपटेश्वरच्या दगडाबाई शेळके हत्यार घेऊन उतरल्या.

असे सरहद्दीवरचे लढवय्ये जगात इतरत्रही दिसतात. १८३६ मध्ये टेक्सास मेक्सिकोपासून फुटला तेव्हा तिथल्या स्पॅनिशभाषक तेहानोंपैकी काही जण आपल्याच सरकारविरुद्ध उभे राहिले. त्यांचा पुढारी हुआन सेगीन. सान हासिंतोच्या रणात त्याच्या माणसांनी टोप्यांत पुठ्ठ्याचे तुकडे खोवले होते, आपल्याच बाजूच्या गोळ्या लागू नयेत म्हणून. चेहरा आणि भाषा शत्रूसारखी, हाच त्यांचा धोका. लढाई जिंकली, सेगीन सान अँटोनियोचा महापौर झाला आणि १८४२ मध्ये संशयापायी त्याला मेक्सिकोतच पळून जावे लागले.

मराठवाड्यातही जिंकल्यानंतरचा हिशेब सरळ निघाला नाही. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा शिरल्या, पहिल्याच दिवशी नळदुर्ग घेतला आणि १७ तारखेला निजामाने हार मानली. शाळेच्या पुस्तकात ही पाच दिवसांची पोलीस कारवाई मोठी दिसते, आधीचे तेरा महिने बारीक अक्षरात जातात. कारवाईनंतर उसळलेल्या सूडात निरपराध मुसलमान मोठ्या संख्येने मारले गेले. पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांच्या समितीने मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार दिला. सर्वाधिक हानी झालेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड होते. तो अहवाल कित्येक दशके दडून राहिला. विलीनीकरणाच्या बाजूने लिहिणारे ‘इमरोज’चे संपादक शोएबुल्ला खान यांचा रझाकारांनी कारवाईच्या तीनच आठवडे आधी खून केला होता. निजामशाहीविरुद्धचा लढा धर्माचा नव्हता, याची साक्ष त्यांच्या रक्ताने दिली आहे. तिला सूडाने काळिमा फासला.

मग उरला मानाचा प्रश्न. स्वातंत्र्यसैनिकाचे निवृत्तिवेतन मागायला तुरुंगाचा दाखला लागे. सरहद्द ओलांडून काम करणारा पकडला गेलाच नाही, तर दाखला कुठून येणार? १९८० च्या दशकात केंद्राने हैदराबाद मुक्तिसंग्रामाला मान्यता दिली, तेव्हा कॅम्पच्या सहकाऱ्यांची प्रमाणपत्रे हाच पुरावा झाला. त्या वाटेने खरे आले आणि खोटेही आले. बीड जिल्ह्यातील बनावट स्वातंत्र्यसैनिकांचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि न्यायमूर्ती पालकर यांच्याकडे चौकशी सोपवावी लागली. खोट्यांच्या गर्दीत खऱ्या माणसांवरही संशयाची सावली पडली.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात आला, मोगलाईची ती रेघ दोन जिल्ह्यांमधली साधी हद्द झाली. १७ सप्टेंबरला मराठवाड्यात ध्वजवंदन होते. नगर जिल्ह्यातल्या सरहद्दीच्या गावांनी निर्वासितांना आणि सैनिकांना जो आधार दिला, त्याची नोंद कोणी करायची, हे मात्र ठरलेले नाही. खर्डा, जामखेड, पाथर्डी या पट्ट्यातल्या जुन्या घरांत पत्रे, प्रमाणपत्रे, पावत्या असतील. तालुका दफ्तरांत निर्वासितांच्या याद्या असतील. महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी हे काम आताच हाती घ्यायला हवे, कारण त्या वेळी दहा वर्षांचे असलेले मूल आज ऐंशीच्या पुढे गेले आहे.